दुर्पताआत्याच्या अकरा खुणा

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी आमच्या घरातला दुसरा मागही बंद पडला. पवनीला परकोटाला, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या तटाला लागून विणकरांची गल्ली आहे, तिथलं आमचं घर म्हणजे एक लांबट खोली. तिच्यात दोन खड्डेमाग, आणि उरलेल्या जागेत माणसं. बाबांचा माग ते गेले तेव्हाच थांबला होता, दुसऱ्यावर मजुरीने एक विणकर बसायचा. आता सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानेही हात वर केले, म्हणाला लुगडी कोणी नेसत नाही, विणून ठेवू कुठे. आमच्याकडे सुताला खळ लावायची ती तांदळाच्या कण्यांची पेज करून. सूतच नाही म्हटल्यावर ती पेज आम्ही प्यायला लागलो. मीठ घालून. घरात माय, आत्या आणि मी, अशी तिघं. मी दहावीत होतो. शाळेतून आलो की आधी भांड्यात डोकावायचो आणि आत्या म्हणायची, "काय पाहतं बे वाकून? तोंड दिसते का त्याच्यात? दिसते ना... मंग झालं, आजची पातळ हाय." ती हसायची. मला हसू यायचं नाही. आज ते आठवून हसू येतं, आणि पुढे लगेच दुसरंच काहीतरी येतं.

ही आत्या, कागदावर द्रौपदा आणि गावाच्या तोंडी दुर्पताबाई, गेली त्याला सहा आठवडे झाले.

मी वरठीजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. दुपारचा आठवीचा तास चालू होता आणि फोन वाजला. शालिकचा होता. शालिक म्हणजे आमच्या घाटावरचा ढिवर, डोंगा चालवतो. तो कधी फोन करत नाही. म्हणाला, "मनोहरभाऊ, गाडी हळू चालवजा. पण या." हळू चालवा म्हणजे आता घाई उरली नाही, हे मला तिथेच कळलं. तरी मी विचारलं, "कोण?" तो म्हणाला, "वाटवाली." आत्याला तो हेच म्हणायचा. कारध्याच्या पुलावर मी गाडी थांबवली आणि खाली वैनगंगेकडे पाहत उभा राहिलो. हेच पाणी पुढे पवनीला जातं. आपल्याआधी पोचेल, असं काहीतरी मनात आलं. नाही पोचत, पण आलं.

घरी तिला त्याच लांबट खोलीत ठेवलं होतं, बुजवलेल्या मागाच्या खड्ड्यावर. बायकांनी पाय धुतले होते. ते पाय इतके स्वच्छ मी कधी पाहिले नव्हते. टाचांच्या भेगा पांढऱ्या दिसत होत्या, कोरड्या पडलेल्या धानाच्या बांधीसारख्या. माय एवढंच म्हणाली, "पाह्य, आज कुठं नाई चालली."

आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन गेली आणि चार वर्षांत परत आली. का आली, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. परत आल्यावर तिला माग मिळाला नाही, मागावर पुरुष बसायचे. तिच्या वाट्याला सुताच्या कांड्या भरणं आणि पाजणी आली. पाजणी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, आमच्या गल्लीतल्या पोरांनाही सांगावं लागतं. मागावर चढवायच्या आधी ताण्याचं सूत गल्लीत लांबच्या लांब ताणायचं, दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरीने बांधायचं, आणि उन्हं चढायच्या आत त्याला खळ लावायची. हातात मोठा कुंचा घेऊन एका कडेने चालत जायचं, टोकाला वळसा घ्यायचा, दुसऱ्या कडेने परत यायचं. मध्ये धागा तुटला तर तिथेच सांधायचा. असं जायचं नि यायचं, सूत वाळेपर्यंत. माझी आत्या तीस वर्षं रोज सकाळी अशी चालली.

पाजणीचा एकच नियम होता. ताणा ओलांडायचा नाही. पलीकडच्या कडेला हात पोचण्याइतकं जवळ काही असलं तरी मधून पाय टाकून जायचं नाही, टोकापर्यंत जाऊन फिरून यायचं. लहानपणी मी एकदा चेंडूमागे धावताना ताण्यावरून उडी मारली. आत्याने ओला कुंचा माझ्या पाठीवर असा ओढला की दिवसभर अंगावरून पेज ओघळत होती. "टोक हाय ना तिकडं? मंग टोकावरून ये. मधातून कुत्रे जातेत."

माग गेल्यावर चालणं मात्र गेलं नाही. सकाळ झाली की तिचे पाय थांबत नसत. परकोटावर काटक्या वेचायला म्हणून जायची आणि अख्ख्या गावाला वळसा घालून यायची. परकोट, त्याच्या पायथ्याचा खंदक, स्तूपाच्या विटा निघाल्या ती टेकडी, घाट, घाटावरची देवळं... आम्हाला या सगळ्याचं काही वाटत नसे. विटा म्हणजे विटा. एका सकाळी नागपूरकडून आलेली काही माणसं, पांढऱ्या कपड्यांतली, टेकडीची वाट विचारत होती. पानठेल्यावरच्यांनी हात करून दाखवला, "असे सिद्धे जा." आत्या काटक्यांची मोळी घेऊन समोरून येत होती. तिने मोळी खाली टाकली. "सिद्धं कायले जाता? सिद्धं गेल्यावर काही दिसते का? चला माह्यासंग." आणि तिने त्या माणसांना टोकावरून फिरवलं. जिथे दहा मिनिटं लागली असती तिथे तीन तास लावले. शेवटी शालिकच्या डोंग्यात बसवून नदीतून वळसा दिला आणि दुसऱ्या घाटावर उतरवलं. जाताना त्यातली एक म्हातारी बाई तिच्या पाया पडायला वाकली. आत्या इतकी घाबरली की मोळी विसरून घरी आली.

पुढे माणसं तिचं नाव विचारत येऊ लागली, जाताना तिच्या हातावर पैसे ठेवू लागली. कॉलेजच्या सहली आल्या, वाघ पाहायला जंगलात आलेले आणि वाघ न दिसलेले आले. गल्लीतले लोक टोमणे मारायचे. "काय व दुर्पता, आज कितीक लोकायची पाजणी केली?" ती म्हणायची, "बावीस ताणे होते. तुह्यासारखा एकबी सुटला नाई मधातून." शालिक तर तिला तोंडावर वाटवाली म्हणायचा. त्याचं तिच्याशी रोज भांडण. तिला डोंगा काठाकाठाने हवा असायचा, त्याला मधून. "बाई, पाण्यात कुठली आली कडा?" "पाण्याले कडा नाई तं तू रोज टेकतं कुठं बे?"

त्या चालण्यावर माझं कॉलेज झालं. हे मी लपवत नाही, उलट सांगतो. आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. भंडाऱ्याला बसने जायचो, इतिहास घेतला होता, आणि बी.ए. झालो त्या दिवशी आत्याने गल्लीत घरोघरी साखर वाटली. आम्हाला पेढे जमले नसते. प्रत्येक दारात तेच वाक्य, "भाचा झाला हो बी.ए., आमचा मनोहर झाला बी.ए." मला लाज वाटली नाही. मला वाटलं, झालोच आहे. तेव्हा मी शर्टाच्या खिशाला पेन लावून फिरत असे, घरातसुद्धा.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हा लेख आहे. इतकी वर्षं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

पदवी झाल्यानंतरच्या हिवाळ्यात बाहेरगावच्या कॉलेजची एक सहल आली. पन्नासेक मुलंमुली, दोन प्राध्यापक. आत्या म्हणाली, "तू बी चाल. शिकलेला माणूस संग असला की बरं दिसते. दोन शबद तू बी बोलजो." तिने मला स्वतःहून नेलं, हे लक्षात ठेवा. किल्ल्याच्या दरवाज्याशी, आत शिरताना डाव्या हाताला, कमरेएवढ्या उंचीवर एक दगड आहे. त्याच्या कडेवर चार-पाच खाचा आहेत, बोट जाईल एवढ्या, आतून गुळगुळीत. आत्या तिथे नेहमी थांबायची. बाकी सगळीकडे ती दुसऱ्यांचं सांगायची, राजाचं, साधूंचं, देवांचं. इथे ती आपलं सांगायची. दगडावर हात ठेवून म्हणाली, "ह्या खाचा आमच्या लोकायच्या होत. माह्या आज्याच्या वक्ती खुंट्या नव्हत्या. इथून ताणे बांधत पाजणीचे. दोरी घासू घासू दगड खाल्ला. राजे आले न् गेले, त्यायची नावं पुस्तकात हाय. आमचं हे एवढं हाय."

आणि मी बोललो. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आत्या, तसं नाही ते. या शस्त्रांना धार लावल्याच्या खाचा आहेत. पहाऱ्यावरचे सैनिक इथे तलवारी घासत."

पन्नास माना तिच्याकडून माझ्याकडे वळल्या. एक प्राध्यापक म्हणाले, "छान. लिहून घ्या रे." मुलांनी वह्या काढल्या. आत्याचा हात अजून दगडावरच होता. तिने तो उचलला आणि पदराला पुसला, जसं काही लागलं होतं. "असं काय?" ती म्हणाली. मग त्या मुलांकडे पाहून म्हणाली, "असंन बाप्पा. हा बी.ए. हाय."

त्या दिवशी पुढच्या सगळ्या वाटेवर ती दोनच गोष्टी बोलली. "इकून या" आणि "पाय सांभाळा." टेकडीवर मी बोललो, घाटावर मी बोललो. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. शालिकने डोंग्यात विचारलं, "बाई, आज तोंडात पान हाय का?" त्या दिवशी त्याने डोंगा मधून नेला तरी ती भांडली नाही.

तलवारीचं मी कुठेही वाचलेलं नव्हतं. कोणत्याही पुस्तकात नाही, कोणत्याही तासाला नाही. तोंडात आलं ते बोललो. पन्नास माणसांसमोर माझ्या घरातली बाई पाजणी, खुंट्या, दोरी असलं बोलत होती आणि मला वाटलं, हे आपल्याला शोभत नाही. तलवार शोभली असती. एवढंच कारण होतं.

त्यानंतर आत्या फिरवायची, पण सांगायची नाही. कोणी काही विचारलं तर म्हणायची, "माहीत नाई जी. बोलाचं काम भाच्याचं हाय. मी आपली वाट दाखवते." मी वरठीला नोकरीला लागलो, रविवारीच घरी यायचो, तेव्हा इतर दिवशी आलेल्या माणसांना एक मुकी बाई गाव फिरवायची. माय म्हणाली, "आत्या बोलत काहून नाई रे?" मी म्हटलं, वय झालं. मी एकदा तिला म्हणालो होतो, "सांगत जा ना आत्या, तुला सगळं येतं." ती कंदील पुसत होती. "येते," ती म्हणाली, "पण बराबर येते का नाई ते कोणाले मालूम."

मग ते फ्रान्सचं म्हातारं जोडपं आलं. वाघासाठीच आले होते, नागपूरचा ड्रायव्हर त्यांना गावात घेऊन आला. रविवार होता, मी घरी होतो. बाई उंच, गुडघ्यापर्यंतचे मोजे, हातात काठी. दोघंही आत्यापेक्षा मोठे असतील पण चढणीला दम लागला नाही. आत्याला ते आवडले, कारण वळसा घालूया म्हटलं की त्यांचे चेहरे खुलायचे. घाटाच्या पायऱ्यांवर बसून ते आपल्या गावाचं सांगत होते आणि ड्रायव्हर त्याच्या हिंदी-मराठीत आम्हाला सांगत होता. गाव आपल्या गल्लीएवढं. टेकडीवर जुनं चर्च, पडका किल्ला, खाली नदी. सुट्टीच्या दिवशी लोक नुसते चालतात. काही डोंग्यासारखी लहान नाव घेऊन नदीत जातात. काम काही नाही, सोबत डबा आणि चालणं. आत्याला हे पटायला वेळ लागला. "काटक्या बी नाई आणत?" नाही म्हणे.

"मंग वाट दाखवाले कोण जाते त्यायच्या संगं?"

ड्रायव्हर म्हणाला, "कोणी नाही मावशी. दगडावर, झाडावर निशाण असते. पांढरा पट्टा, खाली लाल पट्टा. निशाण पाहायचं, चालायचं."

"सांगते कोण मंग? कायचं काय ते?"

"कोणीच नाही."

मग आत्याने विचारलं, "म्हणजे कोणी मधातच टोकत बी नसंन."

ड्रायव्हरला त्यात भाषांतर करण्यासारखं काही दिसलं नाही. त्याने सोडून दिलं. मला मात्र कळलं. मी नदीकडे पाहत राहिलो. तेव्हा बोलायला हवं होतं. तीन पायऱ्यांचं अंतर होतं आमच्यात.

पुढच्या रविवारी आलो तर आत्याचे हात कोपरापर्यंत लाल. तिने गेरू कालवला होता, चुना कालवला होता, आणि माळ्यावरून पाजणीचा जुना कुंचा काढला होता. त्याचे केस अर्धे झडलेले. आठवडाभर ती वाटेवरच्या दगडांना खुणा करत होती. गल्लीचं तोंड, परकोटाची चढण, बाभळीखालचा दगड, टेकडी, खंदकाच्या तळ्याचा बांध, घाट... अशा अकरा. पट्टे ओढायचे होते, पण हाताला सवय सड्या-रांगोळीची. तिने चुन्याचा गोल काढला आणि मध्ये गेरूचा मोठा ठिपका दिला.

व्हायचं तेच झालं. बाभळीखालच्या दगडाला दोन दिवसांत हळदीकुंकू लागलं. चौथ्या दिवशी उदबत्ती. सोमवारी कोणीतरी नारळ फोडला. गल्लीतल्या बायका आत्यालाच येऊन सांगू लागल्या, "दुर्पताबाई, बाभळीखालचा देव पाहला का? निंगाला म्हणते आपोआप." आत्याने कपाळावर हात मारला. मी म्हटलं, पुसून टाक. ती म्हणाली, "आता? देवाले पुसू? तुह्यात हिंमत असंन तं तू पूस, तू बी.ए. हायस." मग तिने बाकीच्या दहा ठिकाणचे ठिपके खरवडून लुगड्याच्या काठासारखे सरळ पट्टे ओढले आणि बाभळीखालचा देव तसाच राहू दिला. "मी खूण केली, त्यायनं देव केला. माह्यं काय गेलं? नारळ त्यायचा, वाट माही." त्या देवाला आता वाटमाय म्हणतात. वाटमायपासून डावीकडे वळा, असं पोस्टमनसुद्धा सांगतो.

त्या दिवशी खूप महिन्यांनी ती पहिल्यासारखी हसली होती. मला वाटलं, झालं, विसरली.

नंतरची वर्षं भराभर गेली. खाली धरणाचं पाणी अडलं आणि नदी फुगून थांबली. जिथे शालिकच्या घरचे लोक रेतीत टरबुजं लावायचे तिथे आता बारा महिने पाणी. दर दिवाळीनंतर आत्या कुंचा घेऊन निघायची आणि पावसाने धुतलेल्या खुणा नव्या करायची. गुडघे गेल्यावर शालिक तिला डोंग्यातून जमेल तिथवर न्यायचा, काठाकाठाने. माणसं येत, खुणा पाहत फिरत, जाताना आमच्या दारात डोकावत. तिने कोणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच ठेवली नव्हती तिने.

शेवटच्या खेपेला मी घरी होतो तेव्हा तिला धाप लागत होती. भिंतीला टेकून बसली होती, मी शेजारी वह्या तपासत होतो. तिने सहज विचारावं तसं विचारलं, "मनोहर, दरवाज्यावरच्या त्या दगडाचं... आता काय लिहिलं हाय तुमच्या पुस्तकात?"

किती सोपं होतं. आत्या, पुस्तकात काहीच नाही, मी खोटं बोललो होतो. शाळेतल्या पोरांना मी रोज सांगतो की उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. मी वहीतून डोकं वर न काढता म्हणालो, "तेच आहे आत्या. तलवारीचं."

"हो काय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "लाईट लाव ना, डोळे खराब होतीन तुहे." सोमवारी मी वरठीला निघून गेलो. गुरुवारी शालिकचा फोन आला.

तेरवी झाल्यावर मायने माळा आवरायला काढला. कुंचा खुंटीला होता. माळ्यावर एका जुन्या गोणीत पाजणीच्या दोऱ्या निघाल्या, अंबाडीच्या, बोटाएवढ्या जाड. वापरून वापरून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. माय म्हणाली, "तुह्या पणज्याच्या असतीन. तुह्या बाबानं नाई वापरल्या कधी." मी एक दोरी घेतली आणि दुपारच्या उन्हात दरवाज्याकडे गेलो. कोणी पाहतंय का हेही पाहिलं नाही. दोरी पहिल्या खाचेत ठेवली. बसली. दुसरीत ठेवली. बसली. तलवार घासली तर खाच अरुंद पडेल, खाली निमुळती होईल. या खाचा गोल होत्या, तळापर्यंत, दोरीएवढ्या. मी दोरी ताणून गल्लीच्या दिशेने मागे मागे गेलो. ती सरळ आमच्या गल्लीकडे निघाली.

तिथे उभा असताना मला आणखी एक गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं दिसली नव्हती. या दगडाला खूण नाही. परकोटाच्या चढणीवर एक खूण आहे आणि पुढची एकदम टेकडीखाली, वाटमायची. त्या दोन खुणांच्या मधली वाट परकोटावरूनच पलीकडे उतरते. दरवाजा बाजूला राहतो. म्हणजे पाय दुखत असतानाही टोकापर्यंत जाऊन फिरून येणारी, मधून कुत्रे जातात म्हणणारी माझी आत्या... आयुष्यात तिने एकच वाट मधून कापली. माझ्यामुळे. ज्या दगडावर आमचं एवढंच आहे असं ती म्हणाली होती, तो तिने अकरांतून वगळला. मी दर रविवारी त्या खुणा पाहत आलो आणि मोजल्या मात्र कधी नाहीत.

मी दोरी गुंडाळून तिथेच पायरीवर बसलो. किती वेळ, सांगता येणार नाही. रडू बाहेर यायला मला दोन आठवडे लागले होते, ते तिथे आलं. शेळ्या घेऊन जाणारी एक बाई थांबली, "काय झालं गा मास्तर?" म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, दगड पाहत होतो."

गेल्या रविवारी नागपूरहून काही बायका आत्याचं नाव विचारत आल्या. त्यांना ती गेल्याचं माहीत नव्हतं. मी म्हटलं, चला, मी येतो. चढणीवरून मी त्यांना परकोटावर नेलं नाही, खाली दरवाज्याकडे वळवलं. दगडावर हात ठेवला आणि तिची वाक्यं तिच्याच बोलीत सांगितली. मग हेही सांगितलं की याच जागी मी एकदा पन्नास जणांसमोर तलवारीचं सांगितलं होतं, ते माझ्या मनचं होतं, खरं हे आहे. एका बाईने विचारलं, "हे कुठे छापून आलंय का?" मी म्हटलं, नाही, माझ्या आत्याने सांगितलं.

त्या गेल्यावर मी घरून गेरू, चुना आणि तो कुंचा घेऊन परत दरवाज्याशी गेलो. कुंच्याची मूठ तिच्या हाताने झिजली आहे, माझी बोटं त्या झिजेत बसत नाहीत. पट्टे वाकडे आले. वर पांढरा, खाली लाल. शालिक येऊन उभा राहिला, पाहत राहिला, म्हणाला, "हात नाई तुमचा पाजणीचा." मी म्हटलं, नाही. कुंचा धुऊन मी तिच्या खुंटीला लावला. त्याच्या टोकाला थोडा गेरू राहिला आहे, तो जात नाही.

पवनीची वाट आता दरवाज्यातून जाते. खुणा बारा आहेत.